फोन लावण्याआधी भाव विचारा : १८००, १८६० आणि 'मेन बॅलन्स'चा हिशेब

उमरीच्या बाजारात शिवणकामाचे दुकान चालविणारे, आमच्या चांगल्या परिचयाचे एक मास्टर परवा आमच्याकडे आले ते रागावूनच. नांदेडहून कापड व अस्तर घेऊन परतताना त्यांचे बँकेचे कार्ड गाडीत कुठेतरी पडले होते. कार्ड ताबडतोब बंद करावे म्हणून त्यांनी पासबुकावर छापलेला ग्राहकसेवेचा नंबर लावला. नंबर १८६० ने सुरू होणारा होता. पलीकडून आवाज आला तो बँकेचा नव्हे, मोबाइल कंपनीचा : 'हा कॉल करण्यासाठी तुमच्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही.' आदल्याच दिवशी त्यांनी २८ दिवसांचे, अमर्याद बोलण्याचे रिचार्ज मारले होते.

रिचार्जच्या दुकानातील मुलाने फोन पाहून सांगितले, "मास्टर, पॅक चालू आहे, पण मेन बॅलन्स शून्य आहे. ह्या नंबरला मेन बॅलन्स लागतो." मास्टरांनी लगेच दहा रुपयांचे टॉप-अप टाकले. पुन्हा नंबर लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, आमचे प्रतिनिधी व्यस्त आहेत, असे ऐकता ऐकता पाचेक मिनिटांत कॉल तुटला. कार्ड चालूच राहिले. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन त्यांनी ते बंद करून घेतले. सुदैवाने खात्यातून काही गेले नव्हते.

"अमर्याद बोला म्हणून पैसे घेतले, मग ह्या नंबरला वेगळे पैसे कशाचे?" हा मास्टरांचा प्रश्न केवळ त्यांचा नाही. दुकानदार, कारागीर, वाहनाचे हप्ते भरणारे, विमा काढलेले अशा अनेकांना तो पडतो. म्हणून या नंबरांचा व्यवहार वाचकांपुढे उलगडून ठेवावा असे आम्हाला वाटले.

पूर्वी पावती मिळत असे

ज्यांनी एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांचा काळ पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की, त्या काळी फोन महाग होता, पण भाव डोळ्यांसमोर होता. बोलता बोलता समोरच्या यंत्रावर आकडा वाढताना दिसे. रात्री अकरानंतर दर पावपट होत, म्हणून व्यापारी मंडळी त्या वेळी रांगेत उभी राहत. बोलणे संपले की कागदाची पट्टी निघे. तीवर नंबर, वेळ आणि रक्कम छापलेली असे. पैसे देणाऱ्याला कशाचे पैसे दिले हे कळत होते.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइलची सुरुवात झाली. सुरुवातीच्या काळात एका मिनिटाला १६ रुपयांच्या घरात खर्च येई आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. येणारे कॉल मोफत झाले ते २००३ च्या मे महिन्यापासून. पुढे दर उतरत गेले आणि २०१६ नंतर तर एकरकमी पॅकचे युग आले. एकदा रक्कम भरली की महिनाभर कुठेही बोला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण एका कॉलचा भाव काय, हे विचारण्याची सवय त्याबरोबर गेली. घोटाळा होतो तो नेमका इथेच. कारण काही नंबर अजूनही जुन्या पद्धतीने, मिनिटावर किंवा सेकंदावर मोजले जातात.

नंबराच्या सुरुवातीतच भाव लिहिलेला असतो

कापडाच्या ठाणावर जशी खूण असते, तशी नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांत त्याची किंमत लिहिलेली असते. ती वाचता आली पाहिजे.

१८०० ने सुरू होणारा नंबर खरोखर मोफत असतो. मोफत म्हणजे पैसे कोणीच देत नाही असे नव्हे. ज्या बँकेने, कंपनीने किंवा सरकारी खात्याने तो नंबर घेतला आहे, ती संस्था कॉलचे पैसे भरते. फोन करणाऱ्याचा मेन बॅलन्स शून्य असला तरी या नंबरावर बोलता येते. मात्र हा नंबर देशातल्या देशात वापरण्यासाठी आहे. आखातात नोकरीला असलेल्या भावाने किंवा मुलाने तिथून इथल्या बँकेचा १८०० नंबर लावला, तर तो बहुधा लागत नाही, आणि लागला तरी परदेशी कॉलचे पैसे पडू शकतात. त्यांच्यासाठी बँका देशाच्या कोडासह वेगळा नंबर देतात. तो आधीच लिहून ठेवावा.

१८६० ने सुरू होणारा नंबर दिसायला १८०० चा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचा व्यवहार वेगळा आहे. या नंबरावर कॉलचा खर्च फोन करणाराच देतो. यामागे एक कारण होते. ज्या काळात गावातला कॉल स्वस्त आणि एसटीडी महाग होती, त्या काळात उमरीहून मुंबईच्या कचेरीत बोलायचे तर बरेच पैसे जात. १८६० नंबरामुळे देशात कुठूनही गावातल्या कॉलच्या दराने कंपनीशी बोलता येऊ लागले. म्हणजे तेव्हा ही सवलत होती. आज पॅकमुळे मुंबईचा साधा नंबर लावला तर वेगळे पैसे पडत नाहीत आणि १८६० लावला तर मात्र पडतात. सवलतीचीच अडचण झाली, ती अशी.

तिसरा प्रकार पाच-सहा आकडी छोट्या नंबरांचा. स्पर्धा, गाण्याच्या धून, भविष्य, क्रिकेटचा स्कोअर यांसाठी असे नंबर वापरले जात आले आहेत. त्यांच्यावरील संदेशाचा वा कॉलचा दर साध्या दरापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

चौथा प्रकार परदेशी नंबरांचा. हा सर्वांत महाग पडू शकतो. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

फोनला दोन खिसे असतात

मास्टरांची अडचण समजण्यासाठी एवढे लक्षात घेतले पाहिजे की, प्रीपेड फोनला दोन खिसे असतात. एका खिशात पॅक असतो : इतके दिवस, इतके बोलणे, इतका डेटा. दुसऱ्या खिशात रोख शिल्लक असते, तिलाच मेन बॅलन्स म्हणतात. पॅकचे कितीही मोठे रिचार्ज मारले तरी दुसऱ्या खिशात त्यातले काही पडेलच असे नाही. पॅकच्या अटींमध्ये विशेष नंबर, छोटे नंबर आणि परदेशी कॉल बहुधा वगळलेले असतात. हे नंबर लावले की कंपनी दुसऱ्या खिशात हात घालते. तो रिकामा असेल तर कॉल लागत नाही.

आता दहा रुपयांचा हिशेब पाहू. दहा रुपयांच्या टॉप-अपमध्ये १८ टक्के जीएसटी समाविष्ट असतो. तो वजा जाता ८ रुपये ४७ पैसे उरतात. त्यातून कंपनी प्रक्रिया शुल्क घेते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमाप्रमाणे हे शुल्क टॉप-अपच्या दहा टक्के किंवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच घेता येते. इथे ते एक रुपया होते. हाती राहतात ७ रुपये ४७ पैसे. आता समजा, पॅकबाहेरील कॉलचा दर सेकंदाला अडीच पैसे आहे. म्हणजे मिनिटाला दीड रुपया. ७ रुपये ४७ पैशांत पाच मिनिटेही पूर्ण बोलता येत नाही. कॉल मोजायला सुरुवात होते ती माणूस बोलायला आल्यावर नव्हे, तर पलीकडचे यंत्र कॉल उचलते त्या क्षणापासून. संगीत ऐकत थांबलेली मिनिटेही त्यात धरली जातात. मास्टरांचा कॉल पाचेक मिनिटांत का तुटला, याचा खुलासा इथे होतो. चौदा मिनिटे थांबावे लागले असते तर त्याच दराने २१ रुपये गेले असते.

जाता जाता सांगायचे म्हणजे, १०० रुपयांच्या टॉप-अपमध्ये हाच हिशेब केला तर ८१ रुपये ७५ पैसे मिळतात. म्हणजे लहान टॉप-अपमध्ये कपातीचे प्रमाण थोडे जास्त पडते.

नुकसान वीस रुपयांचे नाही

कोणी म्हणेल, पाच-वीस रुपयांसाठी एवढे लिहावे कशाला? पण प्रश्न तेवढ्या रकमेचा नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात असे ठरविले की, खातेदाराच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि त्यात ना बँकेचा दोष ना खातेदाराचा, तर बँकेकडून त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत खातेदाराने कळविल्यास त्याच्यावर काहीही बोजा पडत नाही. उशीर झाला तर बोजा वाढत जातो. खातेदाराच्या हयगयीने, उदाहरणार्थ पिन दुसऱ्याला सांगितल्याने पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे.

म्हणजे कळविण्याची वेळ हीच इथे सीमारेषा आहे. ज्या दुकानदाराच्या खात्यात हंगामाचे सारे भांडवल आहे, त्याचा फोन केवळ मेन बॅलन्स नाही म्हणून लागला नाही, तर ही सीमा ओलांडली जाते. याच परिपत्रकात अशी सूचना देण्यासाठी खास टोल-फ्री नंबर ठेवण्यासही बँकांना सांगितलेले आहे. म्हणून आपल्या बँकेचा १८६० नंबर पाठ असण्यापेक्षा तिचा १८०० नंबर शोधून लिहून ठेवणे शहाणपणाचे. तो सापडत नसेल तर शाखेत जाऊन मागावा. मागण्यात संकोच कसला?

खात्यातून पैसे फसवून काढले गेले असतील तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांकही लगेच लावावा.

परदेशी मिस्ड कॉल

आपल्या भागातील पुष्कळ घरांतील माणसे आखातात कामाला आहेत. त्यामुळे + चिन्हाने सुरू होणारा मिस्ड कॉल दिसला की घरची मंडळी घाईने उलट फोन करतात. फसवणूक करणारे याच घाईवर जगतात. फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. उलट फोन केला की तो दूरच्या एखाद्या देशातील महागड्या नंबरावर जातो. तिथे पोहोचण्यासाठी आपल्या कंपनीला परदेशी कंपनीला मोठा आकार द्यावा लागतो, आणि त्यातला वाटा तो नंबर भाड्याने घेतलेल्या माणसाला मिळतो. म्हणूनच पलीकडे कोणीतरी रेकॉर्ड केलेला आवाज लावून आपल्याला जास्तीत जास्त वेळ धरून ठेवतो.

यावर साधा उपाय म्हणजे आपल्या माणसांच्या देशांचे कोड पाठ करणे. सौदी अरेबिया ९६६, कुवेत ९६५, ओमान ९६८, संयुक्त अरब अमिराती ९७१, बहरीन ९७३, कतार ९७४. एका आकड्याचा फरक म्हणजे दुसरा देश. ९६० हा मालदीवचा कोड आहे, ९६७ येमेनचा. कोड ओळखीचा नसेल तर उलट फोन करू नये. ज्याला खरोखर काम असेल तो पुन्हा करील. घरातून परदेशी फोन लावण्याची गरजच नसेल, तर ती सोय कंपनीकडून बंद करून घ्यावी.

नियम काय सांगतात?

जादा दराच्या सेवांबाबत देशात तक्रारी फार जुन्या आहेत. २००५ च्या मे महिन्यात ट्रायने कंपन्यांना आदेश दिला की, अशा सेवेच्या जाहिरातीत तिचा दर छापलाच पाहिजे. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमाबरोबर 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. तीत उत्तर पाठविणाऱ्या प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाची रक्कम या संदेशांच्या पैशांतूनच निघते आणि प्रेक्षकांना ते सांगितले जात नाही, अशी तक्रार एका ग्राहक संघटनेने केली. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वाहिनी व मोबाइल कंपनी यांना एक कोटी रुपयांचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. पण 'साधा संदेश' आणि 'जादा दराचा संदेश' यांतील फरक त्या प्रकरणाने लोकांच्या ध्यानात आणून दिला.

२०१३ मध्ये ट्रायने आणखी पुढचे पाऊल टाकले. गाण्याची धून, बातम्या यांसारखी मूल्यवर्धित सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असे ठरले. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना १५५२२३ हा एकच नंबर ठरवून देण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे, डेटा नसलेले पॅकही कंपन्यांनी ठेवावेत, असे ट्रायने ठरविले. ज्यांचा फोन साधा आहे अशा वडीलधाऱ्यांसाठी त्याची चौकशी जरूर करावी.

हा घोळ आपल्याकडेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून विशेष नंबर लावला की बिल किती येईल, हे वर्षानुवर्षे कोणाला सांगता येत नसे. १ जुलै २०१५ पासून तेथील नियामकाने दोन गोष्टी केल्या. ०८०० चे नंबर मोबाइलवरूनही मोफत केले. ०८४, ०८७ व ०९ ने सुरू होणाऱ्या नंबरांचा आकार दोन भागांत सांगणे बंधनकारक केले : फोन कंपनीचा किती आणि ज्याचा नंबर त्याचा किती. भाव फोडून सांगितला की ग्राहक स्वतःच शहाणा होतो, हा त्यातला बोध.

वाचकांनी काय करावे?

१) बँक, विमा, गॅस आणि वाहनकर्ज यांचे नंबर एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावावेत. १८०० चा असेल त्यापुढे 'मोफत' आणि १८६० चा असेल त्यापुढे 'पैसे लागतात' असे लिहावे.

२) १८६० च्या जोडीला मुंबई ०२२ किंवा नांदेड ०२४६२, लातूर ०२३८२ असा शहराच्या कोडाचा साधा नंबर छापलेला असेल तर तो लावावा. तो सहसा पॅकमध्येच बसतो.

३) नंबर पासबुक, कार्ड किंवा पॉलिसीवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर'चा मोबाइल नंबर लावू नये. तिथे आकारापेक्षा मोठा धोका आहे.

४) मेन बॅलन्समध्ये वीस-तीस रुपये अडीअडचणीसाठी ठेवावेत. शिल्लक अकारण घटत असेल तर एखादी सेवा नकळत सुरू झाली आहे का, ते पाहावे.

५) बँकेकडून म्हणून फोन आला तर नंबर पाहावा. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची आणि बँकांच्या व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका वापरावी, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले आहे.

पैसे चुकीचे कापले गेले तर

कॉल संपल्यावर किती वेळ झाला, किती पैसे गेले आणि शिल्लक किती, हे दाखविणारा संदेश फोनच्या पडद्यावर येतो. तीच आजची पावती. ती न वाचता पुसू नये. पूर्ण तपशील हवा असेल तर प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील कॉलांचा तपशील मागता येतो. २०१२ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

तक्रारीसाठी १९८ हा नंबर लावावा. तो मोफत आहे. काही कंपन्यांच्या १२१ नंबरावर प्रतिनिधीशी बोलण्याचे पैसे पडतात, हे ध्यानात असू द्यावे. तक्रार केल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो तारखेसह लिहून ठेवावा, कारण त्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ हाही मोफत आहे.

त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे सांगून पूर्वी ग्राहकांना परत पाठविले जाई. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की, मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते. लहान रकमेच्या प्रकरणांत फीही लागत नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या व्यापारी वाचकांना. भाव आधी उघड सांगावा आणि माप पुरे द्यावे, हे त्यांना आम्ही नव्याने सांगायला नको. ते स्वतः गिऱ्हाइकाला कापड फाडण्याआधी मीटरचा भाव सांगतात. मग फोन लावण्याआधी आपणही भाव विचारावा. मास्टरांनी आता दुकानातल्या आरशाशेजारी बँकेचा १८०० नंबर मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. येणारी गिऱ्हाइके तो पाहून विचारतात, आणि मास्टर कपड्याचे माप घेता घेता त्यांना १८०० आणि १८६० मधला फरक समजावून सांगतात.